शनिवारचे कवडसे

मिठाचं रण, शाळेच्या तंबूपासून चौथं आगर
होळीनंतरचा पहिला सोमवार

जागु,

फोटो छापायचा होता तर आधी विचारायचं. तुझ्या अहवालाच्या नवव्या पानावर मी उभी आहे. ओढणी खांद्यावर घसरलेली, तोंड उघडं, अन् हातात तुझी ती काचेची पाटी, तीही उलटी, डोकं खाली अन् काच बाहेर. खाली छापलंय, ‘नव्या तंत्राशी मैत्री : रणातील एक आजी.’ एक आजी! मला नाव नाही? रेशनकार्डावर आहे, मतदारांच्या यादीत आहे, टँकरवाल्याच्या वहीत आहे. तुझ्याच पुस्तकात तेवढी मी कुणीतरी एक. बाभळीला तरी लोक बाभूळ म्हणतात.

आता खुशाली. माझा गुडघा सकाळी बोलतो, दुपारी गप्प बसतो. तुझ्या काकाच्या आगरात खडे चांगले धरलेत, यंदा मीठ पांढरं आहे. टँकर बारा दिवसांनी आला, तेव्हा अंघोळीचा विषय काढू नकोस. काकाच्या विरमचा खोकला गेला. रानगाढवांनी दोनदा बांध तुडवला. तुझी काकी म्हणते, जागुला सांगा, तब्येतीकडं बघ. सांगितलं. झाली खुशाली.

मी दुसरीतून उठलेली बाई. अक्षरं वाकडी येतील, जोडाक्षरं सुटली तर तू जोडून घे. विरमला सांगून लिहून घेतलं असतं, पण हे पत्र विरमच्या हातानं लिहिण्यासारखं नाही. का ते पुढं येईल.

तुझा अहवाल वाघजी मास्तरांनी शुक्रवारी तंबूत वाचून दाखवला. सगळे जमले होते. रिंकलचा बाप तर नवा शर्ट घालून आला, जसं काही पुस्तकात त्याचंच लग्न लावलंय. मास्तर आधी तुमच्या भाषेत वाचायचे, मग माणसांच्या भाषेत सांगायचे. चौदा आगरं, बावीस पोरं, चौदा शनिवार. पाटीवरच्या परीक्षेत पहिल्या शनिवारी दहापैकी तीन, शेवटच्या शनिवारी नऊ. टाळ्या. तंबूजवळच्या पोरांना जेवढं येतं तेवढंच चार कोसांवरच्या पोरांना येतं, ज्यांनी मास्तरांचं तोंड महिन्यातून एकदा पाहिलंय. ‘अंतराचा परिणाम दिसून आला नाही.’ पुन्हा टाळ्या. मास्तरांनी टाळी वाजवली नाही. मी बघत होते. त्यांच्या हातात पुस्तक होतं हे खरं, पण पुस्तक खाली ठेवता येतं.

मग ढगांचं पान आलं. दोन शनिवारी आभाळ भरलेलं होतं अन् त्या दोन्ही दिवशी आकडे घसरून तिनावर आले. तू लिहिलंयस, ऊन नसल्यानं पाट्यांची बॅटरी नीट भरली गेली नाही.

मग अठरा नंबर आला.

‘मूल क्रमांक अठरा : सलग सहा शनिवार पाचाच्या खाली. अपेक्षित प्रगती नाही. पाटी काढून दुसऱ्या मुलाला देण्यात आली.’ तू नाव छापलं नाहीस. नाव झाकायचं असतं म्हणे, पोराची अब्रू जाऊ नये म्हणून. अगं, बावीस पोरांच्या रणात नंबर हा काय बुरखा आहे? अठरा म्हटल्याबरोबर तंबूतल्या सगळ्या माना एकदम वळल्या. मावजी उठून बाहेर गेला. जीवीनं पदर तोंडावर घेतला. त्यांची गवरी मागं बसली होती, ती तेवढी पुढं बघत राहिली, मास्तरांच्या हातातल्या पुस्तकाकडं.

दोघींना तू पुस्तकात घातलंस अन् दोघींची नावं खाल्लीस. मला फोटो दिलास, तिला नंबर.

मास्तर वाचून झाल्यावर म्हणाले, अठ्ठावीस तारखेला गांधीनगरला बैठक आहे, तिथं जागृतीबेन हे सगळं मांडणार. पावसाळ्यानंतर गावात मुलींचं वसतिगृह सुरू होतंय, रणातल्या आठ मुली घेणार, त्यांची यादी याच आकड्यांवरून होणार. रिंकलचा बाप म्हणाला, ‘बघा, आमची पहिली.’ मावजी तंबूबाहेरून म्हणाला, ‘आमच्या अठरा नंबरला दाताळं दिलंय, तिची यादी आम्हीच केली.’

खरंच दिलंय. पाटी काढून घेतली त्या आठवड्यापासून गवरी आगरात आहे. बापाच्या उंचीचं दाताळं घेऊन मीठ ओढते. तंबूत येते ती कधी तरी, आई पाठवेल तेव्हा.

मला तुला त्या ढगांबद्दल एक विचारायचं आहे. त्या दोन्ही शनिवारी पाट्या भरलेल्या होत्या. दोन्हीच्या आदल्या दिवशी कडक ऊन होतं, विरमची पाटी मीच सोलरच्या तारेला लावली होती. हिरवा दिवा लागेपर्यंत काढली नव्हती. मग आकडे का पडले? तू शिकलेली आहेस. विचार कर. चहा उतू चाललाय.

मंगळवार

चहा काल उतू गेलाच.

तुला सुचलं नसेल. तू अकरा वर्षं शहरात आहेस, ऊन म्हटलं की तुला तार आठवते. रणातल्या पोरीला ऊन म्हटलं की काय आठवायला हवं?

आरसा, जागु. आरसा.

सातवीपर्यंत तू हेच करत होतीस. एक लांब कवडसा म्हणजे टँकर आला. दोन म्हणजे पाहुणे. सारखं लकलक म्हणजे सगळं टाकून पळत या. फोन आले, पण इथं फोनला बांधावर चढून हात वर करावा लागतो, अन् आरसा कमरेला असतो. अजून त्याच्यावरच चालतं. तुझ्या साहेबांना हे माहीत नसणार. तुला माहीत असूनही नसल्यासारखं झालं, त्याचं मला जास्त नवल.

शनिवारी दहाच्या ठोक्याला सगळ्या पाट्यांवर एकदमच दहा प्रश्न उघडतात. सगळ्यांना तेच, त्याच क्रमानं. प्रत्येकाला चार उत्तरं, एक खरं. तू मला समजावून सांगितलं होतंस, ‘मा, कुणी कुणाचं बघू नये म्हणून हे असं. आगरं एकमेकांपासून कोसभर लांब, कोण कुणाचं बघणार?’ अगं बाई, कोसभर लांबचं बघणं यातच तर आमचा जन्म गेला.

रिंकल तंबूशेजारी राहते. मास्तरांच्या पायाशी बसून शिकते, हुशार आहे, तिची उत्तरं नऊ तर नऊ खरी. ती उत्तर दाबायची अन् बाहेर येऊन आरसा धरायची. पहिलं उत्तर असेल तर एकदा, दुसरं असेल तर दोनदा. पुढच्या आगरातलं पोर तेच दाबायचं अन् पुढं द्यायचं. दहा प्रश्न संपेपर्यंत सगळं रण लुकलुकायचं. तू मोटारसायकलवर कधी येशील याची खबरही तशीच यायची.

आभाळ आलं की आरसा आंधळा. त्या दिवशी ज्याला जेवढं येतं तेवढंच पाटीत गेलं. तीन.

तू बावीस पोरं मोजलीस असं तुला वाटतंय. तू रिंकलला मोजलंस, वीस-एकवीस वेळा. अन् रिंकलला शिकवलं मास्तरांनी, पाटीनं नव्हे. मास्तरांनी टाळी का वाजवली नाही ते आता कळलं असेल. त्यांना आरशाचं माहीत आहे की नाही, मी विचारलेलं नाही. त्यांनीही मला विचारलेलं नाही.

पोरांवर रागावू नकोस. त्यांना ही चोरी वाटली नाही. कवडसा दिसला की पुढं द्यायचा, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर पाजलंय. अडवला तर पाप लागतं. तू तीन वर्षांची होतीस तेव्हा तापानं डोळे फिरवलेस. टँकर पाणी टाकून परत निघाला होता, त्याच्याशिवाय गावाला न्यायला काही नव्हतं. तुझ्या आईनं आरसा धरला, मी पुढं दिला. उत्तरेच्या आगरात मावजीची आई भाकऱ्या थापत होती, तिनं पिठाच्या हातांनी तो टँकरवाल्याच्या डोळ्यांत मारला. टँकर थांबला. तिच्या आरशाला ते पीठ मग किती तरी दिवस चिकटलेलं होतं, तीच हसून दाखवायची. आता ती नाही. तू आहेस, अन् अहवाल लिहितेस.

वर मी लिहिलंय, आरसे पोरांनी धरले. ते अर्धं झालं. मघापासून अर्ध्याच भाकरीवर बसवलंय तुला.

आपलं आगर मधोमध आहे. रिंकलचा कवडसा इथं आला नाही तर पलीकडच्या नऊ आगरांना जात नाही. विरम पाटी धरून बसायचा, त्याला हात मोकळा नाही. आरसा मी धरायची.

अन् सुरुवातही मीच केली.

पहिल्या शनिवारनंतर तू इथं आली होतीस. रोटला लसणाच्या चटणीला लावत बसलीस, खाल्ला नाहीस. म्हणालीस, ‘मा, असेच आकडे राहिले तर माझी चार वर्षं पाण्यात.’ मी चूल फुंकत राहिले. तुला वाटलं असेल, म्हातारीला काय कळतंय. रविवारी मी रिंकलला बोलावलं, बोटांवर मोजून खुणा ठरवून दिल्या. म्हटलं, ‘जागुबेनला सांगायचं नाही.’ ती म्हणाली, ‘का?’ मी म्हटलं, ‘तिला अचानक आनंद होऊ दे.’

तुझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुला माझ्यावर दया येईल, अन् मला ती नको. माझीच हौस होती. आगरातली पोर शहरात पुस्तक लिहिते, ते पुस्तक खोटं निघता कामा नये, एवढीच. आता तेच खोटं आहे, माझ्याच हातानं.

फोटोची तक्रार ओढणीची नव्हती. तू त्या शनिवारी खबर न लागता मागच्या वाटेनं आलीस, आठवतं? मी आरसा कमरेला खोचला अन् हाताला काही तरी काम असावं म्हणून विरमची पाटी ओढून घेतली. तू हसलीस, ‘मा, उलटी धरलीये!’ म्हणालीस, अन् फोटो काढलास. चोरी करताना धरलेल्या बाईचा फोटो छापलाय तुम्ही, अन् खाली मैत्री लिहिलंय.

आज एवढंच. हात आखडलाय.

बुधवार, सकाळी

हात नव्हता आखडला. पुढचं लिहायचं नव्हतं.

शुक्रवारी तंबूतून परतताना गवरी माझ्या मागनं चालत होती. आमचं त्यांच्याशी बोलणं नाही, तुला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी मावजीनं पार आमच्या हद्दीला येऊन आमच्या विहिरीपासून साठ पावलांवर विहीर खणली अन् आमचं मिठाचं खारं पाणी उतरलं. तुझा काका दोन महिने कोरडं आगर बघत बसला. त्या दिवसापासून मी त्यांच्या दारात गेले नाही. पण पोरीला कोण सांगणार? ती आपली पायाला पाय लावून येत होती.

म्हणाली, ‘रूडीमा, फोटोत तुमच्या कमरेला आरसा आहे.’

‘असेल. मंगळसूत्र विसरेन, आरसा नाही.’

‘पाटीवर दहा वाजून सात मिनिटं झालीत. तेव्हा परीक्षा चालू असते.’

मी थांबले. ‘मास्तरांनी पुस्तक एकदा फिरवून दाखवलं, तेवढ्यात तू घड्याळ वाचलंस? अन् पाटी तर उलटी आहे.’

‘मला उलटंच सोपं जातं. पुस्तक एक आहे ना घरात. भाऊ सुलट्या बाजूला बसतो.’

जागु, तंबूत पस्तीस माणसं होती. शिकलेले मास्तर होते. तुझ्याकडं तो फोटो साहेबांनी पाहिला असेल, छापणाऱ्यानं पाहिला असेल. आरसा कुणालाच दिसला नाही. दिसला तो तुझ्या अठरा नंबरला.

मग तिनं विचारलं. कुरकुरीनं नव्हे, आज भाकरीबरोबर कोरड्यास काय केलंय असं विचारावं तसं. ‘शनिवारी आमच्याकडं कवडसा का नाही यायचा, रूडीमा? आरसा फुटला होता का?’

जागु, मावजीचं आगर उत्तरेला एकटं आहे. तिथं फक्त आपल्याच बांधावरून कवडसा पोचतो. मी देत नव्हते. रिंकलकडून घ्यायची, नऊ आगरांना द्यायची अन् त्या दिशेला आरसा वळवायची नाही. पहिल्या वेळी हात थोडा वळला होता, खोटं नाही सांगत. मग विहीर आठवली. म्हटलं, बसू दे कोरडं.

साठ वर्षांत एकदाही मी कवडसा अडवला नव्हता.

पोरीला म्हटलं, ‘तुला दिसायचे?’

‘कडेनं दिसायचे. तुमच्याकडून धीरूकाकांच्या आगराकडं जाताना. मी मोजायचे. एक, तीन, दोन, दोन...’

‘मग तसंच का दाबलं नाहीस?’

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच अडाणी. ‘आमच्याकडं टाकले नव्हते ना. दुसऱ्याचा निरोप आपण कसा घ्यायचा?’

गुडघा दुखतोय म्हणाले अन् बांधावर बसले. ती माझ्याबरोबर बसली, टँकरची वाट बघावी तशी. थोड्या वेळानं म्हणाली, ‘मी जाऊ? मीठ भरायचंय.’

घरी येऊन विरमला म्हटलं, मास्तरांकडून अहवाल आण. आणला. मागच्या पानांवर सगळ्या नंबरांचे आकडे आहेत, ते मला वाचता येतात, आकड्यांना जोडाक्षरं नसतात. अठरासमोर बोट ठेवलं. दोन, दोन, तीन, तीन, चार, चार. ढगांचे शनिवार म्हणजे तिसरा अन् पाचवा. तिसऱ्याला सगळे आठावरून तिनावर आले, ती तिनावरच होती. पाचव्याला सगळे पुन्हा तिनावर, अन् ती चारावर. त्या दिवशी, जागु, बावीस पोरांत ती रिंकलच्या खालोखाल होती. तुझ्याच पुस्तकात आहे, पान एकतीस. ऊन असो की आभाळ, तिचा आकडा तिचाच. हळू चढत होता, पण चढत होता. पाटी समोर घेऊन शिकली असेल तर ती एकटी शिकली, अन् तिचीच पाटी तुम्ही काढून घेतली.

पाच कुठून आणलेत? बाकीचे आठ-नऊ घेत होते म्हणून पाच तुम्हाला कमी वाटले ना? ते आठ-नऊ माझ्या आरशातले होते. माझ्या आरशानं मोजून तुम्ही त्या पोरीला आखूड ठरवलंत.

मला हे विचारायचंय. सहा शनिवारांत तुमच्यापैकी एक तरी माणूस त्या आगरात जाऊन बसलं का? पोरीला विचारलं का, बाई, तुला काय अडतं? मोटारसायकल आली, पाटी उचलली अन् गेली. तुम्ही मोजता अन् जाता. आम्ही त्या आकड्यांत राहतो.

बुधवार, दुपारी

आज मी मावजीकडं जाऊन आले. तीन वर्षांनी. जीवी चुलीपाशी होती. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. रणात पाणी न विचारणं ही शिवीच. मी ती घेतली अन् उभीच राहिले.

म्हटलं, ‘मावजी, पोरीला तंबूत धाड. वसतिगृहाचा अर्ज भर.’

‘काकी, तुमच्या नातीच्या यंत्रानं निकाल लावलाय. पोरीला डोकं नाही. आता हात तरी तयार होऊ द्या.’

‘यंत्राला काय कळतं?’

‘शुक्रवारी टाळ्या पडत होत्या तेव्हा यंत्राला सगळं कळत होतं. आमच्या पोरीपाशी येऊनच त्याची अक्कल गेली होय?’

काय चूक बोलला तो? मग मी सांगितलं. रिंकल, खुणा, आपला बांध, अन् त्यांच्याकडं न वळवलेला आरसा. सगळं, उभ्यानं. जीवी लाटणं हातात घेऊन ऐकत होती. म्हणाली, ‘अन् आम्ही पोरीला बोल लावले. दोन महिने. तिच्या बापानं तर...’ मावजीनं बिडी पेटवली, ओढली नाही, हातातच विझली.

मग म्हणाला, ‘हे तुम्ही मला सांगितलंत. उद्या रणात सगळ्यांना सांगाल. पण काकी, ते छापलंय. छापलेलं बोलून पुसलं जात नाही. गांधीनगरला तुमचं बोलणं जाणार आहे का? पुस्तक जाणार आहे. ज्यानं लिहिलं त्यानं लिहून द्यावं. तोवर दाताळं तिच्या हातात राहील.’

‘पोरीनं काय केलंय?’

‘काही नाही. म्हणूनच म्हणतो. पुन्हा तिला तिथं पाठवायची, पुन्हा एखादी मोटारसायकल येऊन काही तरी उचलून न्यायची. एकदा पुरे.’

मी निघाले तेव्हा जीवीनं पाणी आणून दिलं. अर्धा पेला. भरून नाही दिला. बरोबर केलं तिनं.

येताना गवरी आगरात दिसली. दाताळं ओढताना पुटपुटत होती. मला वाटलं गाणं. जवळ गेले तर पाढे. मला बघून गप्प झाली. मी म्हटलं, ‘सतराचा म्हण.’ ती म्हणाली, ‘तुम्हाला येतो?’ मी म्हटलं, ‘नाही.’ तिनं म्हटला. सतरा नवांपाशी अडली, दाताळं टेकवलं, बोटं मोजली, पुढं गेली. मला नाही येत, तेव्हा बरोबर होता की नाही सांगता येणार नाही. पण अडल्यावर कुणाकडं बघितलं नाही तिनं.

आता तुझं.

तू म्हणशील, मा, हे मांडलं तर माझं सगळं जाईल. जाईल की नाही मला माहीत नाही, तुमच्याकडचे कायदे मला कळत नाहीत. साहेब ओरडतील. ओरडू देत, त्यांनाही ढगात तारच दिसली. चार वर्षं जायची असतील तर त्यातलं अर्धं पाप माझ्या नावावर घाल, पण माझं नाव छापून घाल. ‘एक आजी’ नको. ‘रूडी, तंबूपासून चौथं आगर, हिनं आरसा धरला.’ असं लिही. सही लागत असेल तर करते, अंगठा नको, मला सही येते.

अन् सगळंच खोटं आहे असंही नाही. ढगांचे दोन शनिवार खरे आहेत. ते धर. एवढ्या आकड्यांत खरं शोधायचं तर आभाळ आलेल्या दिवशी शोध, अन् अठरा नंबरपाशी शोध. पोरांनी कोसभर लांबून एकमेकांना शिकवायची वाट काढली, तीही तुझ्या समोर होती, तुला चमकताना दिसली नाही. पाट्या टाकून द्या असं मी म्हणत नाही. कुणाला पाटी द्यायची अन् कुणाची काढायची हे ठरवण्याआधी त्याच्या आगरात एक दिवस बसा, एवढं म्हणते. रोटला मी घालीन.

विरमला मी सांगितलंय, त्याचे नऊ त्याचे नाहीत. रडला. रडू दे. रिंकलच्या बापाला शनिवारी सांगणार आहे, तो रडणार नाही, ओरडेल. मास्तरांना आजच सांगितलं. ते म्हणाले, ‘मला वाटत होतं, रूडीमा.’ मी म्हटलं, ‘मग बोलला का नाहीत?’ ते म्हणाले, ‘पाट्या आल्यापासून मला कुणी काही विचारतच नाही.’ हेही तुझ्या पुस्तकात नाही. घाल.

हे पत्र उद्या टँकरबरोबर जाईल. तुझ्याकडं शनिवारपर्यंत पोचेल, बैठकीला पाच दिवस राहतील. पुरेत. तुला तीन वर्षांची असताना जेवढा वेळ मिळाला होता त्यापेक्षा जास्तच आहे.

फोन करू नकोस. मी बांधावर चढून हात वर करणार नाही, अन् फोनवर तू रडशील किंवा मी शिव्या देईन, त्यानं गांधीनगरचं पान बदलणार नाही. साहेबांच्या सहीचं, यंत्रावर टंकलेलं पत्रही नको. मास्तरांनी लिहायचं नाही, विरमनं नाही. उत्तर तू लिहायचंस, तुझ्या हातानं, शाईनं. त्यात काय चुकलं ते असेल, बैठकीत तू काय सांगणार ते असेल, अन् खाली तुझं पूर्ण नाव.

पाकिटावर माझं नाव घालू नकोस. गवरी मावजी, उत्तरेचं आगर, असं घाल. नंबर नाही, नाव. पत्र तिच्या हातात पडू दे, ती बापाला वाचून दाखवील. मग मला बोलवतील तर मीही ऐकीन, तिच्या समोरच्या, उलट्या बाजूला बसून.

रूडी